पाण्यावाचून विझणारी आग

अमेरिकेतील शिकागो महानगराच्या पश्चिमेस हिन्सडेल नावाचे एक टुमदार उपनगर आहे. तेथे एक मोठे दूरध्वनी केंद्र होते. आसपासच्या हजारो घरांतून निघालेल्या तारा ह्या केंद्रात येऊन मिळत आणि येथूनच एका घरचा आवाज दुसऱ्या घरी पोहोचत असे. दिनांक ८ मे १९८८ हा दिवस रविवारचा होता. त्याच दिवशी अमेरिकेत ‘मातृदिन’ साजरा होत होता. दूर गावी राहणारी मुले त्या दिवशी दूरध्वनीवरून आपल्या आईशी चार शब्द बोलतात. त्यामुळे दूरध्वनी केंद्रांच्या दृष्टीने तो वर्षातील अत्यंत धावपळीच्या दिवसांपैकी एक. परंतु सुट्टी असल्यामुळे केंद्राच्या इमारतीत एकही माणूस नव्हता. यंत्रेच आपले काम मुकाट्याने करीत होती.

दुपार कलल्यावर तारांच्या एका जुडग्यात विजेचा काही दोष निर्माण झाला आणि तेथे आग धुमसू लागली. धोक्याची सूचना शंभराहून अधिक मैल दूर असलेल्या स्प्रिंगफील्ड शहरातील देखरेख केंद्रात उमटली. परंतु ती हिन्सडेलच्या अग्निशामक दलाच्या कानी पडण्यास बराच वेळ गेला. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही आपल्याकडील म्हण सातासमुद्रांपलीकडे अशी खरी ठरली. जवान आले तेव्हा इमारत काळ्या, दाट धुराने भरून गेली होती. आतील यंत्रांत विजेचा प्रवाह चालू होता. आग कोठे आहे हे दिसेना, आणि पाण्याचा मारा करावा तर विजेचे भय. आग पुरती आटोक्यात येईपर्यंत काही तास लोटले.

इमारतीच्या भिंती उभ्या राहिल्या. प्रत्यक्ष ज्वालांनी जळालेला भागही फार मोठा नव्हता. तथापि तारांवरील प्लॅस्टिकचे आवरण जळून जो आम्लयुक्त धूर निघाला, तो खोलीखोलीतून पसरला आणि नाजूक जोडण्यांवर बसून त्यांना खाऊ लागला. सुमारे ३५,००० ग्राहकांचे दूरध्वनी मुके झाले. ज्यांना रुग्णवाहिका बोलवावयाची होती त्यांना ती बोलावता येईना. ज्यांना पोलिसांना हाक मारावयाची होती त्यांची हाक पोहोचेना. शिकागोच्या विमानतळावरील संदेशवहनही विस्कळीत झाले. सारा कारभार पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागले. त्या केंद्रात आग आपोआप विझविणारी यंत्रणा बसविलेली नव्हती.

अशी आग विझवावी तरी कशी? मनुष्याने अग्नीला काबूत आणले त्या काळापासून त्याचा सर्वांत विश्वासू पहारेकरी म्हणजे पाणी. पाणी स्वस्त आहे, सर्वत्र मिळते आणि आगीतील उष्णता शोषून घेण्याची त्याची शक्ती फार मोठी आहे. शिवाय त्याची वाफ झाली की ती वाफ जळत्या वस्तूभोवतीची हवा दूर सारते. गवताची गंजी, लाकडाची वखार किंवा घराचे छप्पर पेटले असता पाण्यासारखा दुसरा मित्र नाही.

परंतु काही वस्तू अशा असतात, की त्यांना आगीचे जितके भय तितकेच पाण्याचेही. विजेची नाजूक यंत्रे, संगणक, जुनी हस्तलिखिते, चित्रे ह्यांची गणना त्यांत होते. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. त्यामुळे त्यातून वीज वाहते. असे पाणी चालू यंत्रावर पडले, तर वीज भलत्याच वाटेने वाहू लागते व यंत्र निकामी होते. कागद भिजला तर शाई पसरते, पाने एकमेकांस चिकटतात आणि दोन-तीन दिवसांत त्यांवर बुरशी धरते.

जर्मनीतील वायमार नगरात डचेस ॲना अमालिया हिच्या नावाचे एक प्राचीन ग्रंथालय आहे. २ सप्टेंबर २००४ रोजी रात्री त्या इमारतीच्या वरच्या भागास आग लागली. सुमारे ५०,००० ग्रंथ जळून नष्ट झाले. आणखी सुमारे ६२,००० ग्रंथ पाणी, धूर व उष्णता ह्यांच्या माऱ्यातून कसेबसे वाचले. जवानांनी पाणी मारले नसते तर ह्यांतील एकही ग्रंथ उरला नसता. तेव्हा दोष पाण्याला देता येत नाही. परंतु ज्याने ग्रंथ वाचविले त्यानेच ते भिजविले, हेही तितकेच खरे. ओले ग्रंथ कुजू नयेत म्हणून ते बर्फासारखे गोठवावे लागले, मग निर्वात पेट्यांत सुकवावे लागले आणि त्यांच्या दुरुस्तीचे काम पुढे वर्षानुवर्षे चालले.

म्हणून शास्त्रज्ञ असा उपाय शोधू लागले, की जो आग विझवील, परंतु मागे पाणी, पूड किंवा फेस ह्यांपैकी काहीही ठेवणार नाही; जो विजेचा वाहक नसेल; आणि काम संपताच जो हवेत मिसळून निघून जाईल. असा पदार्थ वायुरूपच असावयास हवा, हे उघड आहे. अशा वायूंना ‘स्वच्छ अग्निशामक वायू’ असे म्हणतात.

वायूने आग कशी विझते हे समजण्यासाठी आग म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. आग ही तीन पायांच्या तिवईसारखी असते. जळणारा पदार्थ हा तिचा एक पाय, प्राणवायू हा दुसरा आणि उष्णता हा तिसरा. ह्यांपैकी कोणताही एक पाय काढून घेतला की तिवई कोसळते. पाणी मुख्यतः उष्णतेचा पाय काढून घेते. शेतकरी वणवा अडविण्यासाठी पुढचे गवत कापून टाकतो, तेव्हा तो जळणाचा पाय काढतो. कढईतील तेलाने पेट घेतला असता घरातील जाणती बाई चटकन वर झाकण ठेवते. ती प्राणवायूचा पाय काढते. ह्या तिन्हींना एकत्र बांधून ठेवणारा आणखी एक धागाही असतो. ज्योतीत अतिसूक्ष्म कण सतत निर्माण होत असतात आणि एक कण दुसऱ्याला चेतवीत जातो. ही साखळी तुटली तरीही ज्योत विझते.

आता जळत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा घातला असता काय होते ते आठवावे. ज्योत थोडा वेळ तगते, बारीक होते आणि विझते. पेल्यातील सगळा प्राणवायू संपला म्हणून ती विझली, असे पुष्कळांस वाटते. परंतु ते खरे नाही. ज्योत विझते तेव्हाही पेल्यात पुष्कळसा प्राणवायू शिल्लक असतो; तो फक्त ज्योतीला अपुरा पडतो. आपल्या सभोवतालच्या हवेत १०० भागांपैकी सुमारे ७८ भाग नत्रवायू, सुमारे २१ भाग प्राणवायू आणि उरलेला बहुतेक आरगॉन वायू असतो. प्राणवायूचे प्रमाण १५ भागांच्या खाली गेले की बहुतेक ज्वाला जगू शकत नाहीत. उलट, निरोगी माणूस १२ ते १३ भाग प्राणवायू असलेल्या हवेत धाप लागली तरी थोडा वेळ निभावून नेऊ शकतो. म्हणजे ज्योत ही माणसापेक्षा अधिक नाजूक आहे! जी हवा ज्योतीला मारते, तीच माणसाला काही मिनिटे तगवू शकते. ह्या दोन आकड्यांमधील अरुंद फटीतूनच शास्त्रज्ञांनी आपली वाट काढली.

पहिला प्रयत्न कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा झाला. हा वायू आग उत्तम विझवितो आणि मागे कसलाही डाग ठेवत नाही. जहाजांच्या यंत्रकक्षांत त्याचा उपयोग अजूनही करतात. परंतु आग विझविण्यासाठी तो इतक्या मोठ्या प्रमाणात सोडावा लागतो, की त्या खोलीत माणूस सापडला तर तो तत्काळ बेशुद्ध पडून प्राणास मुकतो. यंत्र वाचविताना माणूस मरावा, हा तर रोगापेक्षा औषध जालीम असा प्रकार झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या सैन्याने पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधन संस्थेकडे ह्यापेक्षा निरुपद्रवी पदार्थ शोधण्याचे काम सोपविले. तेथे अनेक रसायनांची परीक्षा झाली. त्यांतून ‘हॅलॉन’ नावाचे वायू पुढे आले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वायू म्हणजे हॅलॉन १३०१. हा केवळ क्रमांक नसून त्या वायूची जणू जन्मपत्रिकाच आहे. त्याच्या प्रत्येक रेणूत कार्बनचा १ अणू, फ्लोरीनचे ३, क्लोरीनचे ० आणि ब्रोमीनचा १ अणू असतो. खोलीतील हवेत हा वायू शेकडा पाच-सहा भाग मिसळला तरी पुरे. त्यातील ब्रोमीन ज्वालेतील साखळी तोडतो आणि आग क्षणार्धात विझते. तेवढ्या प्रमाणात माणसाला त्यापासून फारसा अपाय होत नाही. यंत्रे कोरडी राहतात. हा हा म्हणता संगणककक्ष, विमाने, रणगाडे, संग्रहालये ह्या सर्व ठिकाणी हॅलॉन जाऊन पोहोचला. मनुष्याला जे हवे होते ते अगदी मिळाले, असे सर्वांना वाटले.

परंतु एक प्रश्न कोणीच विचारला नव्हता. काम संपल्यावर हा वायू हवेत मिसळून निघून जातो खरा. पण तो जातो कोठे?

पृथ्वीपासून साधारणतः १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोन वायूचे एक विरळ आवरण आहे. सूर्याच्या घातक अतिनील किरणांपासून ते सर्व जीवसृष्टीचे रक्षण करते. १९७४ साली मारिओ मोलिना व शेरवूड रोलँड ह्या दोन शास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले, की शीतकपाटांत वगैरे वापरले जाणारे क्लोरीनयुक्त वायू वर जाऊन ओझोनचा नाश करू शकतात. पुढे असे ध्यानात आले, की ह्या कामी ब्रोमीन हा क्लोरीनपेक्षा कितीतरी अधिक विनाशक आहे. आग विझविताना हॅलॉनच्या अंगी असलेला गुण आकाशात गेल्यावर दुर्गुण ठरत होता. १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दक्षिण ध्रुवाजवळील अंटार्क्टिका खंडावर ओझोनच्या आवरणाला पडलेले ‘भगदाड’ जगापुढे मांडले, तेव्हा साऱ्या जगाचे डोळे उघडले.

आपली चूक कळणे सोपे असते. ती कबूल करून सुधारणे कठीण. परंतु ह्या बाबतीत मनुष्यजातीने खरोखर शहाणपणा दाखविला. १६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातील माँट्रियल शहरी अनेक राष्ट्रांनी एक करार केला व ओझोनला मारक पदार्थांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले. १९९२ साली भारतही त्यात सामील झाला आणि पुढे जगातील सर्व राष्ट्रांनी तो मान्य केला. प्रगत देशांतील हॅलॉनचे उत्पादन १९९४ च्या आरंभी थांबले. इतर देशांना २०१० पर्यंतची मुदत होती. विमानांसारख्या काही अवघड जागी जुना साठा पुन्हा शुद्ध करून आजही वापरावा लागतो. ओझोनचे आवरण आता हळूहळू सावरत असून अंटार्क्टिकावरील भगदाड २०६६ च्या सुमारास भरून येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. १६ सप्टेंबर हा दिवस ह्या कराराची आठवण म्हणून जगभर ‘ओझोन दिन’ म्हणून पाळला जातो.

हॅलॉन गेला, परंतु आगीचे भय गेले नव्हते. तेव्हा शास्त्रज्ञ दोन निरनिराळ्या वाटांनी पुढे निघाले.

पहिली वाट निसर्गातील वायूंची. नत्रवायू व आरगॉन हे हवेतच असतात. ते जळत नाहीत व जळण्यास मदतही करीत नाहीत. ते खोलीत सोडले तर प्राणवायू विरळ होतो. अशा एका मिश्रणात ५२ भाग नत्रवायू, ४० भाग आरगॉन व ८ भाग कार्बन डाय-ऑक्साइड असतो. खोलीतील हवेचा सुमारे दोनपंचमांश भाग ह्या मिश्रणाने व्यापला, तर २१ भाग प्राणवायूचे सुमारे साडेबारा भाग उरतात. आग विझते. आणि तो थोडासा कार्बन डाय-ऑक्साइड कशासाठी? हवेत त्याचे प्रमाण किंचित वाढले की माणसाचा श्वास आपोआप खोल व जलद होतो. त्यामुळे अडकलेला माणूस कमी प्राणवायूतही शरीराची गरज भागवू शकतो. ज्या वायूचे मोठे प्रमाण प्राण घेते, त्याचेच थोडे प्रमाण येथे प्राण राखण्यास साहाय्य करते. हे वायू हवेतूनच घेतलेले असल्यामुळे पुन्हा हवेत मिसळले तरी आकाशाला त्यांचा उपद्रव नाही. अडचण एवढीच, की ते मोठ्या प्रमाणात लागतात आणि प्रचंड दाबाखाली भरलेली अनेक जाड सिलिंडरे ठेवण्यास जागा लागते.

दुसरी वाट मनुष्यनिर्मित रसायनांची. ब्रोमीन व क्लोरीन वगळून असे वायू तयार करण्यात आले, की जे मुख्यतः ज्वालेतील उष्णता झपाट्याने शोषून घेतात. त्यांतील हेप्टाफ्लोरोप्रोपेन हा वायू पुष्कळ प्रचारात आला. तो ओझोनला धक्का लावत नाही. परंतु येथेही एक उणीव निघाली. हा वायू हवेत दीर्घकाळ टिकतो आणि पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. शंभर वर्षांचा हिशेब केला, तर त्याचा एक किलोग्रॅम हा कार्बन डाय-ऑक्साइडच्या तीन हजारांहून अधिक किलोग्रॅमइतकी उष्णता रोखतो. म्हणून २०१६ साली आफ्रिकेतील किगाली शहरी माँट्रियल कराराला पुरवणी जोडण्यात आली आणि अशा वायूंचा वापर क्रमाक्रमाने कमी करण्याचे ठरले. भारताने २०२१ साली ह्या पुरवणीस मान्यता दिली.

ह्यानंतर फ्लोरोकीटोन वर्गातील एक नवल वाटण्याजोगा द्रव पुढे आला. तो दिसावयास हुबेहूब पाण्यासारखा. परंतु त्यात कागद बुडवून काढला तर थोड्याच वेळात कोरडा होतो, आणि चालू यंत्र बुडविले तरी ते चालूच राहते. कारण हा द्रव वीज वाहू देत नाही आणि ४९ अंश सेल्सियसलाच उकळत असल्यामुळे भराभर उडून जातो. तोटीतून बाहेर पडताच त्याचा वायू होतो व तो आगीची उष्णता पिऊन टाकतो. सूर्यप्रकाशाने तो हवेत काही दिवसांतच विघटित होतो. तथापि तोही फ्लोरीनयुक्त रसायनांच्याच कुळातला असल्यामुळे त्याच्या अवशेषांविषयी शास्त्रज्ञ आता सावधपणे छाननी करीत आहेत. हॅलॉनच्या वेळी न विचारलेला प्रश्न ह्या वेळी आधीच विचारला जात आहे.

अशी यंत्रणा प्रत्यक्ष काम कशी करते, तेही पाहण्यासारखे आहे. मोठ्या संगणककक्षाच्या छताला धुराचा वास घेणारी लहान यंत्रे बसविलेली असतात. एका यंत्राने धूर हेरला की घंटा वाजते. परंतु एकाच्या सांगण्यावर विश्वास न ठेवता यंत्रणा दुसऱ्याच्या साक्षीची वाट पाहते. दुसऱ्यानेही तेच सांगितले म्हणजे मोठा भोंगा वाजू लागतो, दिवे लुकलुकतात आणि आतील माणसांना बाहेर पडण्यासाठी साधारणतः अर्ध्या मिनिटाचा अवधी मिळतो. वायू माणसाला सोसण्याजोगा असला तरी आत कोणीही थांबू नये, असाच नियम आहे. तेवढ्यात वातानुकूलनाचे पंखे थांबतात, हवेच्या मार्गातील झडपा मिटतात, दारे बंद होतात. मग तोट्यांमधून वायू सुटतो. रासायनिक वायू दहा सेकंदांच्या आत पूर्णपणे सोडावा लागतो. कारण मोठ्या ज्वालांत तो फार वेळ राहिला तर त्यापासूनच विषारी आम्लवायू तयार होतात. नत्रवायू व आरगॉन ह्यांना एक ते दोन मिनिटे लागतात. वायू सोडल्यावर खोली निदान दहा मिनिटे बंद राहिली पाहिजे. नाही तर आत दडलेली धग पुन्हा पेट घेते. म्हणून यंत्रणा बसविताना दारात मोठा पंखा लावून खोलीच्या भिंतींना कोठे फटी नाहीत ना, ह्याची कसून तपासणी करतात. दाराखालची एक दुर्लक्षित फट सारी खटपट व्यर्थ करू शकते.

एवढी काळजी घेऊनही मनुष्याला गर्व करण्यास जागा नाही. १० सप्टेंबर २०१६ रोजी रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथील एका बँकेच्या संगणककक्षात ह्या यंत्रणेची चाचणी घेण्यात आली. आग मुळीच नव्हती. परंतु वायू इतक्या प्रचंड आवाजाने सुटला, की त्या आवाजाच्या कंपनांनीच संगणकांतील माहिती साठविणाऱ्या अनेक तबकड्या बिघडल्या आणि बँकेचे व्यवहार कित्येक तास बंद पडले. त्यानंतर तोट्यांचा आवाज कमी करण्याकडे जाणकारांचे अधिक लक्ष गेले.

दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारी संगणकांचे एक केंद्र आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तेथील लिथियमच्या विद्युत्घटांना आग लागली आणि सरकारच्या शेकडो संगणकीय सेवा एकदम थांबल्या. लिथियमच्या घटांची आग वेगळ्या जातीची असते. उष्णता त्यांच्या पोटातच निर्माण होत राहते. बाहेरची हवा विरळ केली तरी ती आतून धगधगत राहते. तेथे थंड करणाऱ्या पाण्यालाच पुन्हा शरण जावे लागते. म्हणून असे घट संगणकांपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवणे हाच खरा उपाय. त्या आगीत सरकारी कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांचा एक प्रचंड साठा कायमचा नष्ट झाला. कारण त्याची दुसरी प्रत अन्यत्र कोठेही ठेवलेली नव्हती.

हिन्सडेलच्या त्या रविवारी एका लहानशा ठिणगीने हजारो माणसांचा आवाज हिरावून घेतला होता. आज तर माणसाचे पैसे, रुग्णालयांतील नोंदी, रेल्वेची आरक्षणे, विद्यार्थ्यांचे निकाल हे सारे यंत्रांच्या कपाटांत साठविलेले असते. त्या कपाटांवर रात्रंदिवस पहारा करणाऱ्या सिलिंडरांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती वर्षानुवर्षे कोपऱ्यात उभी असतात आणि आपल्यावर कामाची वेळ न येवो, हीच त्यांची सार्थकता असते. परंतु त्यांच्यामागे एक मोठा धडा उभा आहे. संकट दूर करणारा उपाय स्वतःच नवे संकट होऊ नये, म्हणून त्याची परीक्षा आगीपुरती न करता माणसापर्यंत, आणि माणसापलीकडे आकाशापर्यंत करावी लागते. आणि त्या परीक्षेत तो नापास झाला, तर कितीही सोयीचा असला तरी त्याचा त्याग करून नवा उपाय शोधावा लागतो.

शब्दार्थ

अग्निशमन – आग विझविणे. 
जुडगा – एकत्र बांधलेला गठ्ठा. 
निर्वात – ज्यातील हवा काढून घेतली आहे असे. 
तिवई – तीन पायांची बैठक. 
निरुपद्रवी – त्रास न देणारे. 
भगदाड – मोठे छिद्र. 
छाननी – बारकाईने केलेली तपासणी. 
विघटित होणे – घटक सुटे होऊन मूळ रूप नाहीसे होणे. 
विद्युत्घट – वीज साठवून ठेवणारे साधन. 
सार्थकता – उद्देश सफल होणे.

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हिन्सडेलच्या केंद्रात आग लागली त्या दिवशी कोणता सण होता?
(आ) हॅलॉन १३०१ ह्या नावातील आकड्यांचा अर्थ काय?
(इ) माँट्रियल करार कोणत्या दिवशी झाला?
(ई) लिथियमच्या घटांची आग वायूने का विझत नाही?

२. कारणे द्या.
(अ) वायमारच्या ग्रंथालयातील ओले ग्रंथ गोठवावे लागले.
(आ) वायूच्या मिश्रणात थोडा कार्बन डाय-ऑक्साइड घालतात.
(इ) वायू सोडल्यावर खोली निदान दहा मिनिटे बंद ठेवावी लागते.

३. पाच-सहा ओळींत उत्तरे लिहा.
(अ) ‘ज्योत ही माणसापेक्षा अधिक नाजूक आहे,’ हे वाक्य पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
(आ) हॅलॉनचा गुण कोणता आणि दुर्गुण कोणता? एकाच गोष्टीतून दोन्ही कसे निर्माण झाले?
(इ) ‘आपली चूक कळणे सोपे असते, ती कबूल करून सुधारणे कठीण.’ ह्या विधानाला पाठातील व तुमच्या अनुभवातील एकेक उदाहरण द्या.

४. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ह्या म्हणीचा अर्थ सांगा व तिचा उपयोग करून एक प्रसंग लिहा.

५. (अ) संधी सोडवा : अत्यंत, तथापि, वातानुकूलन, निरुपद्रवी.
(आ) समास ओळखून विग्रह करा : अग्निशमन, रात्रंदिवस, ग्रंथालय, सूर्यप्रकाश.
(इ) वाक्यात उपयोग करा : डोळे उघडणे, तग धरणे, काबूत आणणे, प्राणास मुकणे.

६. उपक्रम : तुमची शाळा, गावातील ग्रंथालय किंवा बँक ह्यांपैकी एका ठिकाणी आग विझविण्याची कोणती साधने आहेत, ती कोठे ठेवली आहेत आणि त्यांवर कोणत्या सूचना लिहिलेल्या आहेत, ह्याची वडीलधाऱ्यांसोबत जाऊन माहिती घ्या व वर्गात वाचून दाखवा.